सातपुड्याच्या सीमेवरची बंदूक : भिल्ल पलटणीपासून गावठी कट्ट्यापर्यंत

स्थानिक गुन्हे शाखेच्या पथकाने गोपनीय बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून सापळा रचून एका इसमास ताब्यात घेतले; त्याच्या अंगझडतीत एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे मिळून आली; मुद्देमाल जप्त करून भारतीय शस्त्र अधिनियमान्वये गुन्हा दाखल करण्यात आला. खानदेशातील वृत्तपत्रांच्या वाचकांना या मजकुराची इतकी सवय झाली आहे, की तो आता बातमी म्हणून वाचलाच जात नाही. तारीख आणि ठाण्याचे नाव बदलले की जुनीच बातमी नव्याने छापता यावी, अशी स्थिती आहे. कट्टा कोठून आला, कोणी घडवला, कोणासाठी चालला होता आणि तो पकडल्याने पुढचा कट्टा येणे थांबले काय, हे प्रश्न त्या मजकुरात क्वचितच येतात. बंदुकीच्या हिंसेला आळा घालण्याचे धोरण मात्र याच प्रश्नांपाशी सुरू होते.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख आणि त्यातील सुमारे ६९ टक्के आदिवासी. उत्तरेस नर्मदा व तिच्यापलीकडे मध्य प्रदेश, पश्चिमेस गुजरात. शहाद्याहून खेतियाला जाणारी बस थोड्याच वेळात राज्य ओलांडते आणि तोच रस्ता पुढे सेंधव्याकडे, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गाकडे जातो. मुंबई-पुण्यासारखी टोळीयुद्धे या जिल्ह्याने पाहिलेली नाहीत. येथील भांडणे बहुधा जमिनीची, बांधाची, दारूची व नात्यातली असतात आणि ती आजही काठी, कुऱ्हाड नाही तर धाऱ्यानेच लढली जातात. बंदुकीच्या दृष्टीने नंदुरबार ही प्रामुख्याने वाट आहे. माल एका राज्यात तयार होतो, दुसऱ्या राज्यात वापरला जातो आणि मधल्या वाटेवर पकडला जातो.

माल तयार होतो तो सातपुड्याच्या मध्य प्रदेशाकडील उतारावर. बडवानी जिल्ह्यातील उमर्टी, खरगोन जिल्ह्यातील सिगनूर आणि बऱ्हाणपूर जिल्ह्यातील पाचोरी ही गावे पोलिसांच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे येत आली आहेत. उमर्टी नावाची गावे तर दोन आहेत. एक महाराष्ट्राच्या चोपडा तालुक्यात, दुसरे पलीकडे वरला ठाण्याच्या हद्दीत. मधे नदीचे पात्र. या गावांतून शिकलीगर समाजाची वस्ती आहे. धातूकाम हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. तलवारी घडविणे, त्यांना धार व चकाकी आणणे हे त्यांचे काम आणि शीख गुरूंच्या सैन्यासाठी शस्त्रे घडविल्याची परंपरा ते अभिमानाने सांगतात. संस्थाने गेली, तलवारीचे गिऱ्हाईक गेले. उरलेल्या कसबातून चाकू, सुऱ्या, कुलपे आणि विळे होऊ शकत होते. पण कारखान्यात तयार झालेला स्वस्त माल आठवडे बाजारात आल्यावर तेही मोडीत निघाले. मग त्या हातांना जे गिऱ्हाईक मिळाले, ते बेकायदा होते. समाजातील अनेक कुटुंबे आजही लोहारकाम व मजुरीवर जगतात आणि या धंद्याशी त्यांचा संबंध नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. एका जमातीला जन्मतः गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा देशाने १९५२ मध्ये रद्द केला. त्या कायद्याची भाषा पोलीस ठाण्याच्या बोलण्यातून मात्र पूर्णपणे गेलेली नाही.

कायद्याची हत्यारे कमी नाहीत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन विनापरवाना अग्निशस्त्र बनविण्यास किंवा विकण्यास किमान ७ वर्षे ते जन्मठेप आणि असे शस्त्र केवळ बाळगण्यास २ ते ५ वर्षे अशी शिक्षा झाली. टोळ्यांसाठी १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे ‘मोक्का’ आहे. त्यात पोलीस अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो आणि आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ ने संघटित गुन्हेगारीची व्याख्या देशभर आणली. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली हद्दपारी आहेच. नंदुरबारमधून हद्दपार झालेला इसम खेतियात किंवा गुजरातेतील निझर येथे राहू शकतो, हा त्या उपायाचा सीमेवरील जुना विनोद होय.

या कलमांच्या कडेला एक बारीक कलम आहे, त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३९ अन्वये, परवान्याविना शस्त्र बाळगल्याचा खटला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून उभाच राहत नाही. शस्त्र चालू स्थितीत आहे, असा न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल हवा, पंच फितूर न होता उभे राहावयास हवेत आणि मंजुरी देताना दंडाधिकाऱ्यांनी कागद पाहून विचार केला, हेही दिसावयास हवे. यांतील एक दुवा निसटला की बातमीतला कट्टा न्यायालयात निकामी होतो. शिवाय शिक्षा झालीच तरी ती वाहकाला होते. वाहक बहुधा थोड्या पैशांसाठी पिशवी नेणारा तरुण असतो.

बळ आणि बोलणी यांची सांगड घातल्यावाचून सातपुड्यात शांतता टिकत नाही, हा धडा या प्रदेशाने दोनशे वर्षांपूर्वी एकदा घेतला होता. १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश कंपनी सरकारकडे आला, तेव्हा जिल्हा उजाड झालेला होता. १८०३-०४ चा दुष्काळ, होळकरांच्या फौजांची व पेंढाऱ्यांची लुटालूट आणि त्यापाठोपाठ पेशव्यांच्या अंमलदारांनी केलेली भिल्लांची कत्तल यांनी जुनी व्यवस्था मोडून पडली होती. त्या व्यवस्थेत भिल्ल हा गावचा जागल्या होता. घाटांची राखण त्याच्याकडे होती आणि त्याबद्दल त्याला हक्क मिळत. हक्क गेले, तेव्हा राखणदार डोंगरात गेला आणि लुटारू म्हणून खाली उतरू लागला. पहिले कलेक्टर जॉन ब्रिग्ज यांनी नाईकांना पकडणे, फाशी देणे, डोंगरातील रसद तोडणे असे उपाय केले. काही नाईकांना तनखेही दिले. एक टोळी मोडावी तो दुसरी उभी राही. सात वर्षे असेच चालले.

१८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दिशा बदलली. खानदेशात भिल्लांसाठी तीन एजन्सी नेमण्यात आल्या. वायव्येकडील एजन्सीकडे नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर आणि डांगचे राजे होते आणि तिचे ठाणे तापीकाठच्या कुकरमुंड्यास होते. कुकरमुंडे आज गुजरातेत असले तरी ते तळोद्याचा शेजारच आहे. एजंटाचे काम दुहेरी होते. शरण येणाऱ्यास मागील गुन्ह्यांची माफी द्यायची, जमीन नेमून द्यायची, बैल व बियाण्यासाठी तगाई द्यायची, त्याच्या तक्रारी ऐकायच्या व जुने हक्क तपासून पाहायचे. आणि जो तरीही लुटीस निघेल त्याचा पाठलाग करायचा. पाठलागासाठी जी पलटण उभारली, ती भिल्लांचीच. बावीस वर्षांच्या जेम्स आउट्रम या लेफ्टनंटाने धरणगावी ती उभी केली. आधी तो त्यांच्याशी लढला, मग त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला आणि कालपर्यंत ज्यांच्या शिरावर इनाम होते अशांच्या भाऊबंदांना त्याने सरकारी पगारावर घेतले. १८२८ मध्ये कलेक्टरने वर कळविले, की वीस वर्षांत प्रथमच या मुलखाला सलग सहा महिने स्वस्थता लाभली.

हे सगळे कंपनी सरकारने उदारपणाने केले, असे समजण्याचे कारण नाही. महसूल हवा तर नांगर चालला पाहिजे आणि नांगर चालायचा तर लुटारू शेतकरी झाला पाहिजे, हा त्यामागील हिशेब होता. पलटणीचा उपयोग पुढे १८३० मध्ये डांगच्या भिल्ल राजांवरील मोहिमेतही झाला, म्हणजे एका डोंगरातल्या भिल्लांकडून दुसऱ्या डोंगरातले भिल्ल दबविले गेले. तरीही त्या व्यवस्थेचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. तगाईचे खाते आणि शिक्षेचे खाते एकाच माणसाच्या हाती होते, त्यामुळे शब्द दिला तर तो पाळता येत असे.

सांगड सुटली की काय होते, याचेही उत्तर याच भागात मिळते. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा काजरसिंग ऊर्फ खाज्या नाईक हा सरकारी चाकरीतला माणूस. कोठडीतील एका कैद्याच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा झाली, पुढे सुटका होऊन तो पुन्हा चाकरीत आला आणि १८५७ मध्ये आपल्या माणसांसह उठला. त्याने सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात भिल्ल आणि कंपनीच्या फौजा यांची मोठी लढाई झाली. इंग्रजांच्या दफ्तरात तो बंडखोर ठरला. आदिवासींच्या स्मरणात तो क्रांतिवीर आहे आणि स्वतंत्र भारतानेही त्याला तेच स्थान दिले.

शंभर वर्षांनी शहादा तालुक्यात बंदूक पुन्हा समोर आली, तेव्हा ती डोंगरातल्या माणसाच्या हाती नव्हती. तापीकाठची काळी जमीन सावकारी व खरेदीखतांच्या वाटेने भिल्लांकडून गेली होती आणि त्याच जमिनीवर ते सालदार म्हणून राबत होते. पिकांच्या चोऱ्या होतात, या कारणाने बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली रखवालदारांची पथके उभी केली. २ मे १९७१ रोजी पाटीलवाडी येथे धान्यावरून उद्भवलेल्या प्रसंगात आदिवासींवर गोळीबार झाला आणि एक भिल्ल ठार झाला. बंदुका परवान्याच्या होत्या की नव्हत्या, यापेक्षा त्या कोणाच्या बाजूने होत्या, हा मुद्दा मोठा होता.

या घटनेनंतर सूडाचे सत्र सुरू होणे अशक्य नव्हते. ते झाले नाही, याचे श्रेय तेथील संघटनेला द्यावे लागते. अंबरसिंग महाराज या भिल्ल समाजातील कार्यकर्त्याने आधीपासून काम मांडले होते. सर्वोदयी कार्यकर्ते आले, शहरांतून तरुण आले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भू-मुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. कुमार शिराळकर, दीनानाथ मनोहर, वाहरू सोनवणे ही तिच्याशी जोडली गेलेली नावे. गावोगाव तरुण मंडळे निघाली, सालदारांची मजुरी व कामाचे तास यांवर संप झाले, गेलेल्या जमिनींची कागदपत्रे धुंडाळली गेली. सर्वांत धीट पाऊल मात्र बायकांनी टाकले. शिबिरांतून परतलेल्या स्त्रियांनी दारूचे गुत्ते गाठले, मडकी फोडली आणि पिऊन बायकोला मारणाऱ्यांना गावासमोर जाब विचारला. हिंसा कमी करण्याचे सामाजिक धोरण म्हणून आज जे शिकविले जाते, ते या बायकांनी कोणत्याही धोरणाचे नाव न ऐकता करून दाखविले. पुढे १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत देण्याविषयीचा कायदा आला. त्यामागे राज्यभरातील असे अनेक लढे होते आणि शहादा त्यांतील ठळक होता.

गावपातळीवरील सरकारी यंत्रणा त्यामानाने अलीकडची नव्हे, पण दुबळी आहे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून काढून नेमणुकीवर आणले. गावात अनोळखी माणूस आला, कोणाकडे शस्त्र दिसले, दोन भावकींत तेढ वाढली, तर ते ठाण्याला कळविणे हे त्याचे कर्तव्य. अक्राणीसारख्या तालुक्यात एका गावाचे पाडे चार टेकड्यांवर पसरलेले असतात. तुटपुंज्या मानधनावरील पोलीस पाटील त्या सर्वांवर नजर ठेवील, ही अपेक्षा कागदावरच राहते. १५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटणीचे तंटे गावातच मिटावेत आणि गावाला त्याबद्दल बक्षीस मिळावे, ही तिची कल्पना. असंख्य किरकोळ दावे तिने मिटविले. परंतु बक्षिसाच्या ओढीने स्त्रियांवरील अत्याचारासारख्या तक्रारीही ‘मिटविल्या’ जाण्याचा धोका तिच्यात होता. आदिवासी पंचांच्या पद्धतीतही हाच दुहेरीपणा आहे. भरपाई ठरवून दोन कुळांतील वैर थांबविण्याची त्यांची ताकद कोणत्याही न्यायालयापेक्षा मोठी; आणि डाकीण ठरविलेल्या बाईला न्याय देण्याची वेळ आली की तीच पंचायत पुष्कळदा गप्प बसते.

पोलीस स्वतःहून गावात गेले तर काय होऊ शकते, याचे नंदुरबारमधील उदाहरण बंदुकीचे नसून बालविवाहाचे आहे. २०२३ मध्ये जिल्हा पोलिसांनी तत्कालीन अधीक्षक पी. आर. पाटील यांच्या कारकिर्दीत ‘ऑपरेशन अक्षता’ सुरू केले. गावोगाव समित्या, ग्रामसभांचे ठराव, अंगणवाडी व आशा कार्यकर्त्यांची साथ, आणि लग्न ठरल्याची कुणकुण लागताच घरी जाऊन समजावणे, असा तो क्रम होता. गुन्हा घडण्याआधी दारात पोहोचणारा पोलीस या डोंगराला अपरिचित होता. हीच साखळी शस्त्रांसाठी वापरता येणार नाही, असे मानण्यास कारण नाही. मुलगा अचानक खेतियाच्या फेऱ्या का मारू लागला, हे समितीतल्या बाईला ठाण्यातल्या हवालदाराच्या आधी कळते. पण तिने सांगितल्यावर मुलाला कोठडी मिळणार असेल तर ती सांगणार नाही.

बाहेरच्या जगातही हाच पेच आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९९६ मध्ये पोलीस, सरकारी वकील, चर्चचे पाद्री आणि समाजकार्यकर्ते यांनी टोळ्यांतील तरुणांना समोर बसवून दोन गोष्टी एकाच बैठकीत सांगण्यास सुरुवात केली. यापुढे गोळी झाडली तर संपूर्ण टोळीवर सर्व खाती मिळून कारवाई करतील, आणि बाहेर पडायचे असेल तर शाळा, काम व उपचार येथेच मिळतील. तरुणांच्या खुनांचे प्रमाण ६३ टक्क्यांनी उतरल्याचे मूल्यमापनात आढळले. त्या काळात अमेरिकेतील इतर शहरांतही खून घटत होते, असा आक्षेप घेतला गेला. काही वर्षांत माणसे बदलली, बैठका बंद पडल्या, हिंसा पुन्हा वाढली आणि २००७ मध्ये तोच उपक्रम नव्याने मांडावा लागला. आपल्याकडे भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी उभारलेल्या मोहल्ला समित्या याच जातीच्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेली भिवंडी शांत राहिली. याउलट मुंबईने टोळ्यांवर मोक्क्याबरोबर चकमकींचाही मार्ग धरला. टोळ्यांचा जोर ओसरला हे खरे. परंतु २००६ च्या लखनभैया प्रकरणात चकमक बनावट ठरून पोलिसांनाच जन्मठेप झाली आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम करताना आणखी एका नामांकित अधिकाऱ्यास दोषी धरले.

सीमेवर परत येताना २०२५ साल महत्त्वाचे ठरते. फेब्रुवारीत चोपड्याहून शस्त्रविक्रीच्या तपासास गेलेल्या पोलीस पथकावर उमर्टीत जमावाने हल्ला केला आणि एका कर्मचाऱ्याला पलीकडच्या गावात पळवून नेले. मध्य प्रदेश पोलिसांच्या मदतीने त्याची सुटका झाली. आपल्याच पोलिसाला सोडविण्यास दुसऱ्या राज्याचे ठाणे गाठावे लागते, हे वास्तव त्या रात्री साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांचे मोठे पथक उमर्टीत उतरले. पुण्यातील टोळ्यांकडे सापडलेल्या पिस्तुलांचा माग त्यांना तेथे घेऊन गेला होता. शस्त्रे बनविण्याच्या भट्ट्या तोडल्या गेल्या, अनेकांना ताब्यात घेतले गेले, तयार पिस्तुले व सुटे भाग जप्त झाले. वाहकाऐवजी मूळ ठिकाणी जाण्याचे हे पाऊल योग्य दिशेचे होते यात शंका नाही. मात्र पथक पुण्याचे, गाव मध्य प्रदेशातले आणि वाटेवरचे नाके जळगाव, धुळे व नंदुरबारचे. पथक परतल्यावर गावात जे राहते ते वरल्याचे ठाणे, आणि भट्टी तोडली तरी हातातील कसब शिल्लक असलेला कारागीर. त्याच्या लेथ यंत्राला कायदेशीर काम देणारी एखादी औद्योगिक सहकारी संस्था, त्याच्या मालाला खात्रीचा खरेदीदार, मुलांना शाळेपुढील प्रशिक्षण, आणि तरीही पिस्तूल बनविणाऱ्यावर दोन्ही राज्यांच्या पोलिसांची एकत्रित नोंदवही, इतके एका छताखाली आणणारा कुकरमुंड्याच्या एजंटासारखा अधिकारी आजच्या रचनेत कोणत्याच खात्यात नाही.

डिसेंबरात सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, फाल्गुनात काठीची राजवाडी होळी पेटते. दोन्ही वेळी तिन्ही राज्यांतून माणसे येतात आणि नाक्यांवरचा बंदोबस्त वाढतो. डिक्क्या उघडल्या जातात, पिशव्या तपासल्या जातात, एखादा कट्टा मिळतोही. दुसऱ्या दिवशीच्या अंकात त्याची चार ओळींची बातमी असते.